झाड एक, वेली चार

मागच्या अंकात मी लहान मेंदूतल्या पर्किंजी पेशीबद्दल, म्हणजे झाडासारख्या फांद्या पसरलेल्या मोठ्या चेतापेशीबद्दल लिहिलं होतं. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत तिच्यावर तीन-चार चढते तंतू (मेंदूच्या दुसऱ्या भागातून येणारे चेतातंतू) येऊन बसलेले असतात आणि मोठेपणी त्यांतला एकच उरतो, असा विषय होता. जाता जाता मी एक वाक्य टाकलं होतं, की उंदराच्या नवजात पिल्लाच्या लहान मेंदूवर क्ष-किरण सोडले तर ही छाटणी अर्धवट राहते. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी उरलेल्या तीन पानांवर मिळून आली नाहीत. म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलंय. पत्रं थोडी आखडून छापते आहे, त्याबद्दल पत्रलेखकांनी रागावू नये.

मॅडम, मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतोय. किरणोत्सर्गाने पेशी मरतात, असं आम्ही शिकलो. मग किरण दिल्यावर जोडण्या कमी व्हायच्या सोडून जास्त कशा उरतात? वाक्यात काही उलटसुलट तर झालं नाही ना? — एक विद्यार्थी

उलटसुलट काही झालेलं नाही. पण तुझा गोंधळ रास्त आहे. त्याच गोंधळात मी स्वतः तीन रात्री घालवल्या आहेत. त्या रात्रींकडे येतेच, आधी किरण नेमके कुणाला लागतात ते बघ.

उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या पर्किंजी पेशी साधारण आठवडाभर आधीच तयार होऊन बसलेल्या असतात. त्या आता पुन्हा विभागणार नसतात. चढते तंतू येतात ते मेंदूच्या देठातल्या ऑलिव्ह नावाच्या केंद्रातून. तिथल्या पेशींचंही विभाजन संपलेलं असतं. लहान मेंदूच्या अगदी पृष्ठभागावर मात्र सालीसारखा एक थर असतो, आणि त्यातल्या पेशी जन्मानंतरही जवळजवळ तीन आठवडे धडाधड विभागत राहतात. त्यांची पिल्लावळ पर्किंजी पेशींच्या मधून वाट काढत आत उतरते आणि तिच्या ग्रॅन्युल पेशी होतात. दिसायला इवल्याशा, पण संख्येचा हिशेब थक्क करणारा आहे. माणसाच्या मेंदूत साधारण ८६०० कोटी चेतापेशी मोजल्या गेल्यात, त्यांतल्या ६९०० कोटी एकट्या लहान मेंदूत आहेत, आणि त्यांत जवळजवळ सगळ्या या ग्रॅन्युल पेशीच.

विभागणारी पेशी किरणांना लवकर बळी पडते, हे बर्गोनिए आणि त्रिबोंदो या दोघा फ्रेंच वैद्यकांनी १९०६ मध्येच मांडलं होतं. साठच्या दशकात जोसेफ ऑल्टमन यांनी ते सूत्र सुरीसारखं वापरलं. पिल्लाचं बाकीचं अंग शिशाच्या आड झाकायचं, डोक्याचा मागचा भाग उघडा ठेवायचा आणि तेवढ्यावर किरण सोडायचे. एकाच मात्रेने थर उद्ध्वस्त होतो खरा, पण वाचलेल्या मूठभर पेशी काही दिवसांत तो पुन्हा उभा करतात. म्हणून दीडशे-दोनशे राँटजेनच्या (हे क्ष-किरण मोजायचं जुनं एकक) मात्रा थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हापुन्हा द्यायच्या. मग हाती येतो तो असा लहान मेंदू, ज्यात पर्किंजी पेशी आहेत, चढते तंतू आहेत, आणि ग्रॅन्युल पेशी मात्र फारच थोड्या.

आता माझ्या तीन रात्री. ऐंशीच्या दशकात मी संशोधन सहायक होते. माझं काम म्हणजे भूल दिलेल्या उंदराच्या पर्किंजी पेशीत काचेची अतिसूक्ष्म नळी शिरवायची आणि ऑलिव्हला बारीकसा विजेचा झटका दिल्यावर पेशीत काय उमटतं ते ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेची लाट दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर, बघायचं. धडधाकट मोठ्या उंदरात याचा खेळ ठरलेला असतो. झटका कमी असेल तर काहीच नाही. बटण हळूहळू फिरवत नेलं की एका विशिष्ट ठिकाणी पडद्यावर एकदम मोठी लाट उठते, आणि त्यानंतर झटका कितीही वाढवला तरी लाट तेवढीच राहते. तंतू पेटला तर पूर्ण पेटतो, नाहीतर मुळीच नाही, आणि पेशीला तो एकच असतो. एक्लीस, यिनास आणि सासाकी यांनी १९६६ मध्ये हे नीट दाखवून ठेवलं होतं. मला ते इतकं पाठ होतं, की लाट उठली की मी पडद्याकडे न बघता वहीत टिंब काढायचे. स्पीकरवर तिचा आवाजच वेगळा यायचा, साध्या टकटकीपेक्षा जाडसर.

त्या आठवड्यात माझ्यापुढे जन्मतःच किरण दिलेला, आता पूर्ण वाढलेला उंदीर आला. बटण फिरवलं, लाट उठली. टिंब काढलं. सवयीने आणखी फिरवलं तर लाट एक पायरी वर चढली. आणखी फिरवलं, आणखी एक पायरी. मला वाटलं झटका देणारं यंत्र बिघडलं. नळी बदलली, पेशी बदलली, यंत्राच्या तारा काढून पुन्हा लावल्या. दुसऱ्या रात्री दुसरं यंत्र मागून आणलं. पुन्हा पायऱ्या, दोन, कधी तीन. तिसऱ्या रात्री मी वही घेऊन आमच्या सरांकडे गेले आणि म्हटलं, "सर, खोलीत कुठेतरी वीज गळतेय." त्यांनी वही पाहिली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "गळत काही नाही. पायऱ्या मोज." मग त्यांनी फडताळातून जुन्या शोधनिबंधांचा एक गठ्ठा काढून माझ्या हातात ठेवला. ही गोष्ट दशकभर आधीच छापून आली होती आणि मी ती वाचली नव्हती. इतकी वर्षं झाली, तरी सांगताना अजून थोडं ओशाळायला होतं.

एकेक पायरी म्हणजे एकेक तंतू. तो पेटायला लागणारा झटका प्रत्येकाचा थोडा वेगळा, म्हणून ते एकामागून एक पेटतात आणि लाट पायऱ्यापायऱ्यांनी वाढते. फ्रान्सिस क्रेपेल, ज्याँ मारियानी आणि निकोल देलाय-बुशो या फ्रेंच त्रयीने १९७६ मध्ये निरोगी पिल्लांत हेच दाखवलं होतं. पुढे मोजदाद झाली तेव्हा कळलं, की पाचव्या दिवशी एका पर्किंजी पेशीवर सरासरी साडेतीन तंतू असतात आणि पंधराव्या दिवसाच्या आसपास एक उरतो. किरण दिलेल्या उंदरांत मात्र बऱ्याच पेशींवर मोठेपणीही एकाहून जास्त तंतू टिकून राहतात.

आता तुझ्या मूळ प्रश्नाला हात घालू. किरणांनी त्या जादा तंतूंना हातही लावलेला नाही. मारलं कुणाला, तर तिसऱ्यालाच. ग्रॅन्युल पेशींचे समांतर तंतू पर्किंजी पेशीच्या फांद्यांवर येऊन जोडण्या करतात, उंदरात एका पर्किंजी पेशीवर दीड लाखाहून जास्त. ती गर्दी आली नाही, म्हणून चढत्या तंतूंची आपापसातली स्पर्धा निकालापर्यंत पोहोचली नाही.

इथे एक बारकावा आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हाच सगळ्यात मोलाचा. क्रेपेल आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये निरोगी आणि किरण दिलेल्या पिल्लांची दिवसागणिक तुलना केली. साधारण आठव्या दिवसापर्यंत दोन्ही गटांत तंतूंची संख्या सारखीच उतरत गेली. त्यानंतर निरोगी पिल्लांत ती उतरत राहिली आणि किरण दिलेल्यांत थांबली. म्हणजे छाटणी एका दमात होत नाही. पहिला टप्पा ग्रॅन्युल पेशींवाचून होतो, दुसरा त्यांच्यावाचून होत नाही. जन्मानंतर लगेच किरण देण्याचं कारणही यातच आहे. सालीचा थर नुकता जोर धरतोय तोवरच तो उडवला, तर दुसऱ्या टप्प्याला लागणारी गर्दी कधी जमतच नाही. समांतर तंतू जुळून झाल्यावर तेच किरण दिले, तर जी स्पर्धा निकालात निघाली ती पुन्हा सुरू होत नाही.

गर्दी आल्याने नेमकं काय होतं, हा पुढचा धागा. नवव्या दिवसाच्या सुमाराला चढत्या तंतूंपैकी एक जोर धरतो आणि पर्किंजी पेशीच्या धडावरून वर फांद्यांकडे सरकू लागतो. स्पॅनिश शास्त्रज्ञ काहालने १८८८ मध्ये हे तंतू पहिल्यांदा वर्णन केले तेव्हा झाडाच्या खोडाला बिलगून वर जाणाऱ्या वेलीची उपमा दिली होती, ती अजून कुणी सुधारू शकलेलं नाही. हरणाऱ्या वेली खाली धडापाशीच राहतात आणि तिथूनच काढून टाकल्या जातात. समांतर तंतू दोन बाजूंनी यात हात घालतात. एक म्हणजे ते फांद्यांची टोकं आणि बारीक डहाळ्या अडवतात, त्यामुळे चढत्या तंतूंसाठी उरलेली जागा थोडी होते आणि भांडण अटीतटीचं होतं. दुसरं, त्यांच्या जोडण्यांतून पर्किंजी पेशीच्या आत एक रासायनिक निरोप पोहोचतो. ग्लुटामेट या निरोप्या रसायनाला पकडणारा एक विशिष्ट ग्राही, त्यामागे एक प्रथिन, त्यामागे एक विकर, आणि शेवटी प्रोटीन कायनेज सी गॅमा, अशी ती साखळी आहे. नव्वदच्या दशकात मासानोबू कानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साखळीतली एकेक कडी जनुकीय पातळीवर काढून पाहिली. कुठलीही कडी काढा, मोठेपणी जादा चढते तंतू शिल्लक राहतात. त्या प्राण्यांना किरणांचा स्पर्शही झालेला नव्हता. किरण देऊन गर्दी हटवा किंवा गर्दीचा निरोप पोहोचू देऊ नका, शेवट एकाच ठिकाणी होतो. तुझ्या शंकेला याहून चांगला पुरावा माझ्याजवळ नाही.

एक गोष्ट मला स्वतःला फार आवडते, म्हणून विषयाला थोडी सोडून असली तरी सांगते. सालीच्या थरातल्या पेशींना विभागत राहायला जो संकेत लागतो, सॉनिक हेजहॉग नावाचं प्रथिन, ते पर्किंजी पेशीच सोडतात. आपल्यावरची जादा वेल उतरवायला लागणारी माणसं जणू झाड स्वतःच बोलावून घेतं.

ताई, माझा मुलगा सात महिन्यांचा असताना पलंगावरून पडला. उलट्या झाल्या, म्हणून डॉक्टरांनी डोक्याचा सीटी स्कॅन केला. स्कॅन चांगला आला. आता तो दोन वर्षांचा आहे, चालतो, पळतो. पण तुमचा लेख वाचल्यापासून मला झोप नाही. त्याच्या लहान मेंदूत असं काही झालं असेल का? — एक आई

आधी तुमची माफी मागते. ते वाक्य लिहिताना तुमच्यासारखं कुणी ते वाचेल, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

नाही, त्या प्रयोगात जे झालं ते तुमच्या मुलाला झालेलं नाही. नुसता दिलासा देऊन तुम्हाला झोप लागणार नाही, म्हणून आकडेच मांडते. उंदराच्या पिल्लांना एका वेळी दीडशे-दोनशे राँटजेन दिले जात. एक राँटजेन म्हणजे शरीराच्या ऊतीत दहा मिलिग्रेला (मिलिग्रे हे ऊतीत किती किरण मुरले ते मोजायचं एकक) थोडं कमी. म्हणजे एका बैठकीत चौदाशे मिलिग्रे किंवा त्याहून जास्त, आणि अशा अनेक बैठका. बाळाच्या डोक्याच्या एका सीटी स्कॅनमध्ये मेंदूला साधारण ३० ते ५० मिलिग्रे मिळतात. एका बैठकीशीच तुलना केली तरी तीस-चाळीस पटींचा फरक पडतो. आणि वर सांगितलंच आहे, की उंदरात एक पूर्ण मात्रासुद्धा पुरत नाही, थर पुन्हा उभा राहतो.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मात्र अचूक पकडलेली आहे. माणसाच्या बाळात हा सालीचा थर जन्मानंतर साधारण वर्षभर टिकतो. म्हणजे सात महिन्यांच्या बाळात तो होता. म्हणूनच बाळांच्या बाबतीत कुणी "काय होतंय एका स्कॅनने" असं म्हटलं की मला राग येतो. सीटीची खरी काळजी आहे ती जोडण्यांची नाही, कर्करोगाची, आणि तीही फार थोडी. २०१२ मध्ये ब्रिटनमधला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दहा वर्षांखालच्या मुलांचा अंदाज असा निघाला, की डोक्याच्या दहा हजार सीटी स्कॅनमागे पुढच्या दहा वर्षांत ल्युकेमियाचा (रक्ताच्या कर्करोगाचा) एक आणि मेंदूतल्या गाठीचा एक जादा रुग्ण. स्वीडनमध्ये १९३० ते १९५९ या काळात दीड वर्षाखालच्या अनेक बाळांना कातडीवरच्या लाल गाठींसाठी किरण दिले गेले होते. ती मुलं मोठी झाल्यावर पाहणी केली, तेव्हा मेंदूला शंभर मिलिग्रेहून जास्त मात्रा पोचलेल्यांत पुढच्या शाळेत जाणाऱ्यांचं प्रमाण कमी दिसलं. ती बाळं आज असती तर त्या गाठींसाठी कुणी त्यांना किरण दिले नसते. हे आकडे लपवून तुम्हाला धीर देणं मला जमणार नाही, पण तुमच्या मुलाची मात्रा त्याच्या बरीच खाली आहे हेही त्याच आकड्यांत दिसतं.

डोक्याला मार आणि वर उलट्या, अशा वेळी मेंदूत रक्तस्राव आहे का हे तासाभरात कळणं गरजेचं असतं. तुमच्या डॉक्टरांच्या जागी मी असते तर मीही स्कॅनच केला असता. पुढे कधी गरज पडली तर त्यांना एवढंच विचारा, की सोनोग्राफी किंवा एमआरआयने भागेल का आणि सीटीच लागणार असेल तर यंत्र बाळाच्या मात्रेवर लावलंय का. दोन वर्षांचं मूल पळतंय, हे त्याच्या लहान मेंदूचं माझ्या ऑसिलोस्कोपपेक्षा चांगलं प्रमाणपत्र आहे. त्याच्या चालण्याबोलण्यात पुढे काही खटकलंच, तर बालरोगतज्ज्ञांना मूल दाखवा, लेख दाखवू नका.

जास्त जोडण्या म्हणजे जास्त बुद्धी, असं आम्ही ऐकत आलो. मग चार वेली असलेला उंदीर जास्त चपळ का नाही? — एक निवृत्त अभियंता

तो चपळ नसतो, लडखडतो. पाय पसरून चालतो, तोल सांभाळायला त्याला वेळ लागतो. पण त्या लडखडण्याचं खापर जादा वेलींवर फोडायला मी तयार नाही. त्याच्या लहान मेंदूत ग्रॅन्युल पेशीच उरलेल्या नसतात, पर्किंजी पेशी एका ओळीत बसायच्या त्या वेड्यावाकड्या पडलेल्या असतात, त्यांच्या फांद्या खुरटलेल्या आणि भलत्याच दिशांना वळलेल्या असतात. इतकं बिघडलेलं असताना चालणं कुठल्या बिघाडाने बिघडलं, हे सांगणं म्हणजे पूर आल्यावर कुठला थेंब आधी पडला ते शोधणं. प्रोटीन कायनेज सी गॅमा काढलेल्या प्राण्यांचा पुरावा थोडा स्वच्छ आहे. त्यांच्या पेशींची ठेवण ठीक दिसते, तंतू जादा असतात आणि हालचालींचा मेळ बिघडलेला असतो.

तुम्ही अभियंता आहात, तर असं बघा. पर्किंजी पेशीला समांतर तंतूंकडून दीड लाख बारीक खबरा मिळतात. चढता तंतू सेकंदाला साधारण एकदा येतो, पण आला की सगळी पेशी हलवून सोडतो. १९६९ मध्ये डेव्हिड मार आणि १९७१ मध्ये जेम्स अल्बस यांनी अशी कल्पना मांडली, की हा तंतू शिकवणाऱ्याचं काम करतो. हालचाल चुकली की तो ठोका देतो, आणि त्या क्षणी ज्या समांतर जोडण्या बोलत होत्या त्यांच्यात बदल होतो. बदलाच्या दिशेवरून दोघांत मतभेद होते, पण शिक्षक एक, हे दोघांनाही मान्य होतं. एकाच पेशीवर हात, मान, डोळा अशा वेगवेगळ्या ठिकाणांचे तीन शिक्षक एकदम ओरडू लागले तर तिने काय दुरुस्त करायचं? ही कल्पना सगळ्यांना पूर्ण पटलेली नाही, मलाही नाही. पण जादा जोडणी फुकट पडत नाही, तिचा गोंगाट होतो, एवढं तीवरून समजतं.

आणि हे फक्त मेंदूचं नाही. जन्मतः उंदराच्या पिल्लाच्या स्नायूच्या एकेका तंतूवरही एकाहून जास्त चेतातंतू असतात, आणि पुढे तिथेही एकच उरतो.

त्या पिल्लांचं काय? तुम्हाला वाईट वाटलं नाही? — एक वाचक

वाटलं. पिल्लं तळहातावर मावायची, डोळे मिटलेले, कातडी गुलाबी. किरण देऊन झाले की त्यांना परत आईजवळ ठेवायचं काम माझ्याकडे होतं. मी हात धुऊन, मूळ घरट्यातला भुसा बोटांना चोळून मग त्यांना उचलायचे, म्हणजे आईला परका वास येऊ नये. तो प्रयोग करावा की नाही यावर मी आज दोन्ही बाजूंनी भांडू शकते. आता सरकारी आणि संस्थेच्या समित्या आधी विचारतात, की दुसऱ्या कुठल्या मार्गाने हे कळेल का, आणि प्राणी किती कमी लागतील. आमच्या वेळी हे प्रश्न कुणी विचारले नाहीत. लहान मुलांच्या मेंदूतल्या गाठींवर उपचार करणारे डॉक्टर तीन वर्षांखालच्या मुलांना किरणोपचार शक्य तितका लांबवतात आणि त्याऐवजी औषधांवर भर देतात, त्यामागे वाढत्या मेंदूला किरण किती नडतात याचा अनुभव आहे. त्यातला बहुतेक अनुभव मुलांवरच्या उपचारांतून आला, पण थोडा अशा पिल्लांकडूनही. आणि त्या गाठींचा एक प्रकार सालीच्या याच थरातल्या, विभागणं न थांबवणाऱ्या पेशींपासून निघतो. यापेक्षा जास्त समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही.

बाई, तुम्ही ठासून लिहिलंत, "मोठेपणी प्रत्येक पर्किंजी पेशीला एकच चढता तंतू." माझ्या भाचीने मला २०२३ सालच्या 'सायन्स'मधला निबंध दाखवला. त्यात काही वेगळंच आहे. — एक जुने वाचक

भाचीला शाबासकी द्या. मी ठासून लिहायला नको होतं.

तो निबंध बुश आणि हान्सेल या दोघांचा. त्यांनी पर्किंजी पेशीच्या खोडाकडे नव्याने पाहिलं. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात धडातून एकच जाड खोड निघतं आणि मग फांद्या फुटतात. प्रत्यक्षात माणसाच्या जवळजवळ सगळ्या पर्किंजी पेशींत धडापासूनच दोन किंवा जास्त खोडं निघतात किंवा एकच खोड लगेच दुभंगतं. माऊसमध्ये अशा पेशी साधारण निम्म्या. (मराठीत रॅट आणि माऊस दोघेही उंदीरच. माझं काम रॅटवर होतं, हे माऊसवर.) आणि माऊसमधल्या अशा अनेक खोडांच्या पेशींपैकी जवळपास पाव पेशींवर, पूर्ण वाढ झाल्यावरही, एकाहून जास्त चढते तंतू सापडले.

हे वाचल्यावर मला आठवला तो ब्राविन, रोसी आणि स्त्राता यांचा १९९५ चा निबंध. त्यांनी ग्रॅन्युल पेशी कमी केलेल्या लहान मेंदूत चढते तंतू रंगवून पाहिले होते. एका पर्किंजी पेशीवर दोन तंतू टिकले असतील, तर ते एकमेकांत मिसळलेले नव्हते. एकाने एक फांदी धरलेली, दुसऱ्याने दुसरी. मी इतकी वर्षं त्याकडे बिघाडाचं चित्र म्हणून बघत आले. वेलींना आपापलं खोड मिळालं तर दोघी नांदू शकतात, हे त्या चित्रात तेव्हाही होतं, मी वाचलं नाही. फडताळातला गठ्ठा मी दुसऱ्यांदा न वाचता ठेवला म्हणायचा.

याचा अर्थ किरण दिलेला लहान मेंदू निरोगी आहे असा मुळीच नाही. त्याच्या पेशींवर तंतू उरतात ते गर्दी न जमल्यामुळे. निरोगी पेशीत दोन तंतू उरतात ते स्पर्धा होऊनही, वेगवेगळ्या खोडांवर. माणसाच्या पेशींत खोडं इतकी असताना तिथे किती वेली नांदत असतील, हे मोजायला माझ्यासारखी काचेची नळी जिवंत माणसाच्या लहान मेंदूत कुणी घालणार नाही, घालूही नये.

तेव्हा मागच्या अंकातलं पान चौदावं काढा. दुसऱ्या परिच्छेदात "प्रत्येक" आहे तिथे "बहुतेक" लिहा, आणि त्याच्याआधी "रॅटमध्ये" हा शब्द घाला. पेन्सिलीने लिहिलंत तर बरं, भाची अजून शिकतेय.